उष्णकटिबंधीय बोन्सायचे उन्हाशी अनुकूलन

उष्णकटिबंधीय बोन्सायचे उन्हाशी अनुकूलन म्हणजे हिवाळ्यात घरात किंवा कार्यालयात ठेवलेले वड, पिंपळ, नांद्रुक, जेड, अडेनियम यांसारख्या उष्ण प्रदेशातील वृक्षांचे बोन्साय थंडी सरताच टप्प्याटप्प्याने पुन्हा गच्चीवर, सज्जात किंवा अंगणात नेण्याची पद्धत होय. रोपवाटिकेच्या व्यवहारात या क्रियेस ‘हार्डनिंग’ किंवा ‘रोप कणखर करणे’ असे म्हणतात. समशीतोष्ण देशांत या काळातील मुख्य धोका उशिरा पडणाऱ्या दहिवराचा असतो. दख्खनच्या पठारावर, विशेषतः पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात, तो धोका जवळजवळ नसतो. तेथे झाडाची हानी होते ती मार्च ते मे या महिन्यांतील प्रखर ऊन, कोरडी हवा आणि तापलेली उथळ कुंडी यांमुळे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील वेळापत्रक या भागात जसेच्या तसे लागू पडत नाही.

## पार्श्वभूमी

बोन्साय ही उथळ पात्रात वृक्ष वाढवून, छाटणी व तारेच्या साहाय्याने त्याला जुन्या वृक्षाचे रूप देण्याची जपानी कला आहे. तिचे मूळ चीनमधील कुंडीतील निसर्गदृश्यांच्या परंपरेत आहे. मराठीत अशा झाडास ‘वामनवृक्ष’ असेही म्हणतात. जपानी परंपरेतील पाइन, ज्युनिपर, मेपल हे वृक्ष थंड हवामानातील असून त्यांना हिवाळ्यातील विश्रांती आवश्यक असते. भारतात या कलेने स्थानिक वृक्ष स्वीकारले. वड, पिंपळ, उंबर, चिंच, कामिनी, बोगनवेल आणि डाळिंब यांचे बोन्साय महाराष्ट्रात सर्रास दिसतात. पुण्यातील एम्प्रेस गार्डनच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनात बोन्साय मांडले जातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले होते.

उष्णकटिबंधीय झाडांना थंडीतील सक्तीची विश्रांती लागत नाही. मात्र रात्रीचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की फायकस प्रजातीतील बहुतेक झाडांची वाढ मंदावते.

## स्थानिक हवामान

पिंपरी-चिंचवड व चाकण हा परिसर सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ६५० मीटर उंचीवर आहे. येथे डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान बहुधा ८ ते १४ अंशांच्या दरम्यान असते. पुणे वेधशाळेत जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. परंतु असे प्रसंग अपवादात्मक होत. एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ३७ ते ४० अंशांवर पोहोचते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली जाते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस येतो आणि हवा एकदम ढगाळ व दमट होते.

थंडी व कडक ऊन यांच्यामध्ये येथे दीर्घ वसंत ऋतू नसतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्रीची थंडी ओसरते आणि मार्चच्या मध्यात दुपारचे ऊन असह्य होऊ लागते. हिवाळ्यात आत राहिलेल्या झाडाला बाहेर आणण्यास योग्य असा अवधी या दोहोंमधील चार-सहा आठवड्यांचाच असतो.

## झाडे आत नेण्याची कारणे

या भागातील निरोगी व पूर्ण वाढलेले वड, पिंपळ किंवा बोगनवेल यांचे बोन्साय वर्षभर बाहेर राहू शकतात. तरीही काही झाडे पुढील कारणांनी दोन ते चार महिने आत ठेवली जातात :

* नव्याने रुजवलेली छाटकलमे व अशक्त झाडे यांना थंड वाऱ्यापासून जपणे.
* अडेनियमसारख्या, गारठा व ओलावा एकत्र आल्यास कुजणाऱ्या झाडांना कोरड्या जागी ठेवणे.
* दिवाळी व त्यानंतरच्या समारंभांसाठी दिवाणखान्यात मांडणी करणे.
* कारखान्यांची स्वागतकक्षे व वातानुकूलित कार्यालये यांत शोभेसाठी ठेवणे.
* इमारतीची रंगरंगोटी किंवा गच्चीचे जलरोधक काम चालू असणे. अशी कामे पावसाळा संपल्यावर काढली जातात.

यांपैकी वातानुकूलित जागेतील मुक्काम झाडाला सर्वांत जास्त दुबळे करतो. तेथे प्रकाश कमी असतो, हवा कोरडी असते व तापमान दिवसभर जवळजवळ सारखेच राहते.

## शरीरक्रिया

### पानांची रचना

भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्सपर्यंत असते. खिडकीपासून एक-दोन मीटर आत ती बहुधा १,००० ते २,००० लक्स किंवा त्याहूनही कमी भरते. मानवी डोळा प्रकाशाशी चटकन जुळवून घेत असल्यामुळे हा फरक जाणवत नाही. झाड मात्र कमी प्रकाशात मोठी, पातळ व गडद हिरवी पाने काढते. अशा पानांवरील मेणचट आवरण पातळ असते आणि अतिरिक्त प्रकाश निरुपद्रवी करणारी रंगद्रव्ये त्यांत कमी असतात.

असे पान एकदम उन्हात आले की हरितद्रव्य नष्ट होऊन त्यावर प्रथम पांढुरके आणि नंतर तपकिरी, कागदासारखे डाग पडतात. हे डाग पुन्हा हिरवे होत नाहीत. सावलीत तयार झालेले पान काही प्रमाणात कणखर होते, पण त्याचे पूर्णपणे उन्हातील पान बनत नाही. झाडाचे खरे अनुकूलन बाहेरच्या प्रकाशात फुटणाऱ्या नव्या पानांमुळे होते. म्हणून बाहेर नेल्यावर काही जुनी पाने पिवळी पडून गळणे ही स्वाभाविक क्रिया आहे. फायकस बेंजामिना तर केवळ जागा बदलल्यानेही पाने गाळतो.

### मुळे व कुंडी

बोन्सायच्या पात्राची खोली बहुधा ३ ते ७ सेंटिमीटर असते. एवढ्या थोड्या मातीत पाण्याचा साठा अत्यल्प असतो आणि ती लवकर तापते. उन्हात तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवर किंवा गडद रंगाच्या फरशीवर ठेवलेले पात्र खालूनही तापते. मुळांभोवतीची माती दीर्घकाळ ४० अंशांपलीकडे गेली तर कोवळी मुळे मरतात. मग माती ओली असूनही झाड कोमेजते. हे लक्षण पाण्याच्या कमतरतेचे समजून आणखी पाणी घातले जाते आणि उरलेली मुळे कुजतात. वीस-तीस वर्षे जोपासलेली झाडे मार्च-एप्रिलमध्ये दगावतात, त्यामागे अनेकदा हाच क्रम असतो.

## कालनिवड

युरोप व उत्तर अमेरिकेतील मार्गदर्शक पुस्तकांत रात्रीचे तापमान सातत्याने १० ते १२ अंशांच्या वर राहू लागले की झाडे बाहेर काढावीत, असे सांगितलेले असते. तेथे ही वेळ एप्रिलअखेर किंवा मेमध्ये येते. पिंपरी-चिंचवडमध्ये तीच अट फेब्रुवारीत पूर्ण होते. तेथील महिना पाळून एप्रिलमध्ये झाड बाहेर काढल्यास ते वर्षातील सर्वांत कडक उन्हात जाते.

पहिला कालावधी. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आरंभ करून होळीच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, अनुकूलन पूर्ण करणे श्रेयस्कर मानतात. याच काळात पिंपळ, उंबर यांची जुनी पाने गळून नवी पालवी फुटते. ही पालवी बाहेरच्या प्रकाशातच फुटली तर ती आरंभापासून उन्हास योग्य अशी तयार होते.

दुसरा कालावधी. पहिली वेळ हुकल्यास झाड जूनपर्यंत खिडकीजवळच्या भरपूर उजेडात किंवा शेडनेटखाली ठेवतात आणि मोसमी पाऊस स्थिरावल्यावर बाहेर काढतात. ढगाळ आकाश व दमट हवा यांमुळे तेव्हा अनुकूलन सुलभ होते. अडेनियम व जेड यांना मात्र सततच्या पावसापासून आडोसा द्यावा लागतो.

## जागेची निवड व सूर्याची दिशा

निगडी प्राधिकरणासारख्या जुन्या आखीव वसाहतींतील बंगल्यांना अंगण व गच्ची असते. वाकड, रावेत, मोशी, चऱ्होली येथील उंच इमारतींत बोन्साय ठेवण्याची जागा बहुधा एकाच दिशेचा सज्जा असतो. अशा सज्जात ऋतुमानानुसार ऊन मोठ्या प्रमाणात बदलते.

हा परिसर सुमारे १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, मार्चच्या मध्यात ६९ अंशांवर आणि एप्रिलच्या मध्यात ८१ अंशांवर. मेच्या मध्यास तो थेट डोक्यावर येतो. त्या दिवसाला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. यावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

* दक्षिणाभिमुख सज्जा : हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते, तर एप्रिलपासून वरच्या मजल्याच्या छतामुळे थेट ऊन जवळजवळ थांबते. येथे फेब्रुवारीत काळजी घ्यावी लागते आणि मेमध्ये प्रकाश अपुरा पडू शकतो.
* पूर्वाभिमुख सज्जा : सकाळचे सौम्य ऊन मिळते. अनुकूलनासाठी हीच सर्वांत सुरक्षित जागा समजतात.
* पश्चिमाभिमुख सज्जा : दुपारी तीननंतरचे ऊन आणि तापलेली भिंत यांमुळे धोका सर्वाधिक असतो. येथे ५० टक्के सावली देणारी जाळी आवश्यक ठरते.
* उत्तराभिमुख सज्जा : वर्षाचा बराच काळ थेट ऊन नसते, मे ते जुलैमध्ये ते सकाळ-संध्याकाळ तिरपे येते.
* उघडी गच्ची : दिवसभर ऊन व वारा असतो. पात्र फरशीवर न ठेवता लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर ठेवून खालून हवा खेळती ठेवतात.

## पद्धती

### पूर्वतयारी

झाड बाहेर नेण्यापूर्वी पानांच्या खालच्या बाजू, फांद्यांचे बेचके व खोडाचा तळ तपासतात. बंद खोलीत पिठ्या ढेकूण व खवले कीड वाढलेली असू शकते. पाने स्वच्छ पाण्याने धुऊन, गरज असल्यास निंबोळी अर्काची संध्याकाळी फवारणी करतात. फवारणीनंतर लगेच उन्हात ठेवल्यास तेलकट अंशामुळे पाने करपतात.

कुंडीबदल, मुळांची छाटणी आणि स्थलांतर ही कामे एकाच वेळी करत नाहीत. मुळे कापलेले झाड पानांतून उडणाऱ्या पाण्याची भरपाई करू शकत नाही. कुंडीबदल आवश्यक असल्यास तो झाड बाहेर रुळून जोमाने फुटू लागल्यावर किंवा पावसाळ्याच्या आरंभी करतात.

### टप्पे

अनुकूलनास सामान्यतः चार आठवडे लागतात. वातानुकूलित खोलीतील झाडाला हा क्रम सुरू करण्यापूर्वी एक आठवडा पंख्याखालील किंवा उघड्या खिडकीजवळील जागा देतात.

| कालावधी | जागा व ऊन |
|---|---|
| १ ते ४ दिवस | बाहेर, पण पूर्ण सावलीत. वाऱ्यापासून आडोसा |
| ५ ते १० दिवस | सूर्योदयानंतर सुमारे एक तास थेट ऊन |
| ११ ते १७ दिवस | सकाळी साडेनऊपर्यंतचे ऊन |
| १८ ते २४ दिवस | सकाळी अकरापर्यंतचे ऊन, नंतर जाळीखाली |
| २५ दिवसांनंतर | कायमची जागा. उन्हाळ्यात दुपारी सावली |

झाड कोमेजल्यास किंवा पानांवर पांढुरके डाग दिसल्यास मागील टप्प्यावर परततात. रोज कुंडी हलवणे शक्य नसल्यास ती जाळीखाली ठेवून जाळीचा एक थर क्रमाने कमी करण्याची पद्धतही प्रचलित आहे. प्रकाश एकाच बाजूने येत असल्यास पात्र दर आठवड्यास पाव फेरा फिरवतात.

### पाणी

घरात आठवड्यातून दोनदा पाणी लागणाऱ्या झाडाला बाहेर फेब्रुवारीत एक दिवसाआड, मार्चमध्ये रोज आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोन वेळा पाणी लागू शकते. ठरावीक वेळापत्रकापेक्षा मातीत बोट घालून ओल पाहणे अधिक विश्वसनीय असते. माती पूर्ण कोरडी होऊन आकसली असेल तर वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते. अशा वेळी पात्र काही मिनिटे पाण्याच्या टबात बुडवून ठेवतात.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका क्षेत्रात २०१९च्या अखेरीपासून दिवसाआड पाणीपुरवठा होतो. त्यामुळे उन्हाळ्यात बोन्सायसाठी झाकण असलेल्या पिंपात पाणी साठवावे लागते. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने मातीवर व पात्राच्या कडांवर क्षारांचा पांढरा थर जमतो. अधूनमधून साठवलेल्या गोड्या पाण्याने माती धुऊन काढल्यास हे क्षार कमी होतात. आर्द्रतेसाठी पात्राखाली खडे व पाण्याचे ताट ठेवल्यास त्यातील पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ताट घासावे लागते, अन्यथा त्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास होते.

### खत व तार

झाडास नवी पालवी फुटेपर्यंत खत देत नाहीत. त्यानंतर निंबोळी पेंड, शेणखताचे पाणी किंवा पातळ केलेले द्रवखत अल्प प्रमाणात देतात. बाहेरील प्रकाशात फायकसची वाढ झपाट्याने होते आणि हिवाळ्यात सैल वाटणारी तार तीन-चार आठवड्यांत सालीत रुतू शकते. रुतलेल्या तारेच्या खुणा अनेक वर्षे राहतात. म्हणून तार दर आठवड्यास तपासून वेळेवर कापून काढतात.

## झाडांनुसार फरक

* वड, पिंपळ, उंबर : पूर्ण उन्हास योग्य. पिंपळाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये नैसर्गिकरीत्या होत असल्याने ती रोग समजू नये.
* नांद्रुक व फायकस बेंजामिना : सकाळचे ऊन व दुपारची सावली मानवते. बेंजामिना पाने गाळल्यावर बहुधा काही आठवड्यांत पुन्हा फुटतो.
* जेड : येथे जेड म्हणून मुख्यतः पोर्तुलाकारिया आफ्रा वाढवतात. उन्हात तिच्या पानांच्या कडा तांबूस होतात. हे अनुकूलनाचे लक्षण आहे. पाणी बेतानेच देतात.
* अडेनियम : हिवाळ्यात पाने गाळून विसावते. नवी पाने दिसू लागल्यावरच पाणी वाढवतात. खोड एकदम उन्हात आल्यास त्याच्या पश्चिमेकडील बाजूस भाजल्याचे व्रण पडतात.
* बोगनवेल, चिंच : यांना भरपूर ऊन लागते. बोगनवेलीची फुले उन्हात व पाणी किंचित कमी असताना अधिक येतात.
* कामिनी, शेफ्लेरा : दुपारच्या थेट उन्हापासून जपावे लागते.

काही अनुभवी बोन्सायकार निरोगी फायकसची सर्व पाने फेब्रुवारीत देठ राखून कापतात आणि नवी पालवी बाहेरच फुटू देतात. अशक्त, कीडग्रस्त किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडावर हा उपाय करत नाहीत. पाने काढल्यावर उघडी पडलेली साल भाजू नये म्हणून पालवी येईपर्यंत झाड जाळीखाली ठेवतात.

## धोके

कीड. कोरड्या, उष्ण हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतात. पाने निस्तेज होऊन त्यांच्या खाली सूक्ष्म जाळी दिसते. फायकसची पाने मधोमध दुमडून त्यात फुलकिडे राहतात. दुमडलेली पाने खुडून नष्ट करणे हा पहिला उपाय होय.

धूळ. चाकण, भोसरी, तळवडे, मोशी या भागांत अवजड वाहतूक व बांधकामे यांमुळे पानांवर धूळ बसते. धुळीच्या थरामुळे पानांना मिळणारा प्रकाश कमी होतो आणि कोळ्यांना आसरा मिळतो. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारतात.

वादळी वारे व गारा. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसापूर्वी जोरदार वारे सुटतात. उथळ पात्रातील शेंड्याला जड झाड सहज उलटते. पात्रे मांडणीस बांधून ठेवतात. सज्जाच्या कठड्यावर पात्र ठेवणे खालून जाणाऱ्यांच्या जिवास धोकादायक असल्याने टाळले जाते.

## हानी झाल्यावरचे उपाय

पाने करपली किंवा गळली म्हणजे झाड मेले असे नव्हे. नखाने फांदीची साल किंचित खरवडल्यावर आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास ती फांदी जिवंत असते. फायकसमध्ये चीक येणे हेही जिवंतपणाचे लक्षण आहे. अशा झाडाला उजेडाच्या सावलीत ठेवून माती केवळ ओलसर राखतात. पाने नसलेल्या झाडास पाणी कमी लागते. नेहमीइतके पाणी दिल्यास मुळे कुजतात. खत, छाटणी, कुंडीबदल ही कामे नवी पालवी पक्व होईपर्यंत थांबवतात. अर्धवट करपलेली पाने अन्ननिर्मिती करत असल्याने ती लगेच काढत नाहीत. एप्रिलमध्ये पर्णहीन झालेला वड किंवा नांद्रुक मुळे शाबूत असल्यास जूनच्या पावसात पुन्हा फुटू शकतो. त्यामुळे पावसाळ्याचे पहिले काही आठवडे उलटेपर्यंत असे झाड टाकून देत नाहीत.

## हेही पाहा

* बोन्साय
* वड
* अडेनियम
* शून्य सावली दिवस
* पिंपरी-चिंचवड
* चाकण